फेंगडी गाडी

धाकटी बहीण गाडी चालवायला बसली आणि दोन मिनिटांत म्हणाली, दादा, तुझं स्टीअरिंग वाकडं आहे. मी म्हटलं काहीही. मग नीट बघितलं तर खरंच, गाडी नाकासमोर चाललेली आणि स्टीअरिंगवरचा लोगो मात्र मान तिरकी करून बसलेला, उजवीकडे. सरळ धरलं की गाडी डावीकडे सरकायची. म्हणजे गेले कित्येक महिने मीच ते थोडं वळवून धरत होतो आणि मला पत्ताच नाही! कुठला तरी खड्डा जोरात बसला असणार, नक्की कुठला ते काय आठवणार.

अलाइनमेंटवाल्याने, म्हणजे चाकांचे कोन जुळवून देणाऱ्याने, मशीनकडे ढुंकूनही न बघता आधी पुढच्या टायरवरून तळहात आडवा फिरवला, मला पण फिरवायला लावला. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखं खरखरीत. आतली कड तर पार खाल्लेली. मग हवा चेक केली, टाय रॉडला (स्टीअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणारा दांडा) प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे का ते चाक हलवून पाहिलं (प्ले असेल तर अलाइनमेंट करून काही उपयोग नसतो), आणि मग चाकांना टार्गेट, म्हणजे मशीन ज्यावरून चाकाचा कोन मोजतं त्या पाट्या, लावले आणि समोर स्क्रीनवर माझ्या गाडीची पत्रिका उघडली.

कॅम्बर म्हणजे समोरून बघितलं की चाक आत किंवा बाहेर किती कललंय ते. कॅस्टरमुळे वळणानंतर स्टीअरिंग आपोआप जागेवर येतं. हे दोन्ही ठीक होते, आणि बऱ्याच साध्या गाड्यांत ते फारसे बदलताही येत नाहीत. घोळ होता टो मध्ये, म्हणजे वरून बघितलं की चाकांची तोंडं कुठे आहेत. पुढचं डावं चाक 40 मिनिटं बाहेर. मिनिटं म्हणजे घड्याळाची नाही, 1 अंशाची 60 मिनिटं होतात ती. थोडक्यात गाडी फेंगडी चालत होती.

मला वाटलं एवढंसं काय, पण घरी येऊन हिशोब केला. हे 40 दोन्ही चाकांनी वाटून घेतले तरी प्रत्येकी 20, आणि 20 मिनिटं तिरकं चाक एका किलोमीटरमागे जवळपास 6 मीटर आडवं फरफटतं! टायर बिचारं करवत होणार नाही तर काय.

रिपेरी मात्र अगदीच किरकोळ, स्टीअरिंग सरळ करून चिमट्याने अडकवलं, टाय रॉडचा लॉकनट ढिला करून रॉड थोडा थोडा फिरवला, लाल आकडा हिरवा झाला, नट परत आवळला, संपलं. गंमत म्हणजे हिरवा आकडाही शून्य नव्हता, चाकं किंचित आत वळलेली ठेवली होती. का विचारलं तर म्हणे काही गाड्यांत पळताना चाकामागच्या सांध्यांतले रबरी बुश दबून चाकं जराशी उघडतात, म्हणून उभी असताना थोडी मिटलेली ठेवायची. म्हणजे रस्त्यावर सरळ चालायची तर उभ्या उभ्या थोडं वाकडंच असायला हवं, हे मला फार आवडलं.

बाहेर पडलो, लोगो एकदम ताठ. आणि गाडी उजवीकडे सरकायला लागली. च्यायला, म्हटलं बिघडवली की काय याने! परत फिरणार तेवढ्यात लक्ष गेलं, माझे हात अजून तसेच, जरासे उजवीकडे वळवून.