जाऊन राहिला

माझं गाव साताऱ्याकडचं, नोकरी मिळाली ती यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात. पहिल्याच वर्षी ऑक्टोबरातली गोष्ट. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस, त्यामुळे नववीचा निम्मा वर्ग वावरात. हजेरी घेताना एक पोरगा दिसेना. विचारलं, तर त्याच्या शेजारचा उभा राहिला, "सर, तो पुसदले जाऊन राहिला. मामाच्या इथं."

म्हणजे मुक्कामच हलवला! वर्गात चांगला लिहिणारा तो एकच, म्हणून वाईटही वाटलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहून टाकलं : 'पुसद येथे वास्तव्यास.' मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांना सांगितलं, "तो पुसदला जाऊन राहिलाय." डबा उघडता उघडता ते म्हणाले, "जाऊन राहिला त जाऊ द्या ना सर. येईन दोन दिवसांनी." इतका थंड मुख्याध्यापक मी पाहिला नव्हता.

सहावा तास मराठीचा. वाक्यांचे प्रकार चालू होते. फळ्यावर लिहिलं : पाऊस न आल्यामुळे पेरणी राहिली. पाऊस आला नाही म्हणून पेरणी राहिली. पेरणी राहिली, कारण पाऊस आला नाही. पहिलं केवल, दुसरं संयुक्त, तिसरं मिश्र. एक मुलगी म्हणाली, "तिन्हीत पेरणी राहिलीच ना सर, मंग येगयेगळे प्रकार काऊन?" तिचं बरोबर होतं, नुकसान तेच. पण प्रकार ठरतो तो सांध्यावरून. 'म्हणून' दोन्ही वाक्यांना सारख्या मानाने जोडतो, 'कारण' मात्र पुढच्याला मागच्याच्या ताब्यात देतो. आणि 'न आल्यामुळे' म्हटलं की दुसरं वाक्य उरतच नाही, विधान एकच.

एवढ्यात दारात तोच पोरगा. पाठीला दप्तर, हातात कपड्यांची पिशवी.

"अरे, तू तर पुसदला जाऊन राहिलास ना?"

"हाव सर, जाऊन राहिलो. सकाळपासून फाट्यावर उभा होतो, येष्टीच नाही आली. आता चारच्या गाडीनं."

वर्ग हसला, मी सोडून. मग माझी ट्यूब पेटली. इथे 'जाऊन राहिला' म्हणजे 'जात आहे'. माझ्याकडे तेच शब्द म्हणजे गेला आणि तिथेच राहिला.

वाक्य फळ्यावर घेतलं. "सांगा, कोणता प्रकार?" दोन क्रिया दिसतात म्हणून निम्म्यांनी संयुक्त म्हटलं. ही चूक परीक्षेतही हमखास होते : क्रियापद संयुक्त असलं की पोरं वाक्यालाच संयुक्त म्हणतात. वाक्य केवलच आहे, त्यांच्याही बोलीत आणि माझ्याही. फरक क्रियापदात. माझ्या 'जाऊन राहिला'त दोन क्रिया खऱ्याच घडतात : आधी जाणं, मग राहणं. मुख्य क्रियापद 'राहिला', 'जाऊन' हे नुसतं धातुसाधित. त्यांच्या बोलीत क्रिया एकच, जाण्याची. 'राहिला' आपला अर्थ सोडून मदतीला येतो, म्हणून ते संयुक्त क्रियापद. हिंदीतल्या 'जा रहा है'सारखं. नागपूर 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदीचा शेजार इथे जुनाच.

मला हे सगळं नीट समजावता येईना. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, पाऊस येऊन राहिला, मंजे का तो इथं खोली करून राहिला का?"

धातुसाधितं आणि सहायक क्रियापदं यांवर मी पुढची दहा मिनिटं जे बोलणार होतो, ते सगळं त्या खोलीत मावलं. मग पोरांनी स्वतःच कसोटी लावायला सुरुवात केली. ताप येऊन राहिला. माय भाकरी करून राहिली. तीच मुलगी पुन्हा उठली, "आन् सर, पेरणी राहिली मंजे होऊन राहिली का?" नाही गं बाई, तिथे राहणं म्हणजे होणंच नाही. एका 'राहणे'चे तीन अर्थ एकाच फळ्यावर!

तास संपल्यावर हजेरीपट काढला. खाडाखोड मुख्याध्यापकांच्या सहीशिवाय चालत नाही. 'वास्तव्यास'वर रेघ मारून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सही करेपर्यंत हसू कसंबसं दाबलं.

पावणेचारला पोरगा पिशवी उचलून दाराशी आला. "सर, मी जाऊन राहिलो."

"मग परत कधी येऊन राहिला?"

"सोमवारी, सर."