आर्नोच्या काठावरील पहिले सत्र

जुन्या वास्तूंच्या संवर्धनाचे शिक्षण घेण्यासाठी मी इटलीतील फ्लोरेन्स शहरात राहते. पहिले सत्र संपवून सुट्टीसाठी कोल्हापूरला आले, तेव्हापासून शुक्रवार पेठेतील आमच्या घरी येणारा प्रत्येक जण तिथल्या मुख्य चर्चच्या प्रसिद्ध घुमटाविषयी विचारतो. वास्तुकार ब्रुनेलेस्कीचा तो घुमट विलक्षण आहेच. १४२० ते १४३६ या काळात, जमिनीपासून लाकडी आधार न उभारता, एकात एक अशा दोन कवचांनी तो बांधला गेला. परंतु माझ्या मनावर पहिला ठसा उमटला तो आर्नो नदीचा. पंचगंगेच्या काठी वाढलेल्या माणसाला परक्या गावाची ओळखही नदीकाठानेच करून घ्यावीशी वाटते.

निघताना आजोबांनी बजावले होते, "बाकी काय बघ न बघ, महाराजांच्या छत्रीला तेवढं जाऊन ये." कोल्हापूरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज युरोपचा दौरा आटोपून परतत असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्समध्ये निवर्तले, तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. दहनाची प्रथा नसलेल्या त्या शहराने विशेष परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तिथे कास्चिने उद्यानाच्या अगदी टोकाला १८७४ मध्ये छत्री उभी राहिली. तिची रचना ज्या चार्ल्स मँट यांनी केली, त्यांनीच पुढे आपल्या नवीन राजवाड्याचा आराखडा केला. छत्रीखाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे. त्याच्यासमोर मी उभी असताना सायकलवरून जाणारी माणसे सवयीने त्या बाजूला पाहून पुढे जात होती. शेजारी १९७८ मध्ये झालेल्या पुलालाही या स्मारकावरूनच 'पोन्ते आल्ल'इंदियानो', म्हणजे भारतीयाचा पूल, हे नाव मिळाले आहे. घरापासून इतक्या दूर गेलेल्या तरुण राजाला त्या शहराने आपल्या रोजच्या वाटेवर जागा दिली, हे पाहून मला भरून आले.

दुसरी गोष्ट एका साध्या भिंतीवर आढळली. सान रेमिजिओ नावाच्या अरुंद गल्लीच्या कोपऱ्यावर एक जुना दगड बसवलेला आहे. त्यावर पाण्याच्या लाटा आणि त्या लाटांकडे बोट दाखवणारा एक हात कोरलेला आहे. ती ४ नोव्हेंबर १३३३ च्या महापुराची खूण. त्याच्याही वर, माझ्या डोक्याच्या कितीतरी उंच, दुसरी पाटी आहे ती ४ नोव्हेंबर १९६६ ची. या दुसऱ्या पुरात राष्ट्रीय ग्रंथालयातील असंख्य ग्रंथ चिखलात बुडाले आणि ठिकठिकाणचे विद्यार्थी ते हातोहात बाहेर काढायला धावले. ग्रंथ आणि चित्रे वाचवण्याच्या ज्या पद्धती आज जगभर शिकवल्या जातात, त्यांतील बऱ्याचशा त्या संकटातूनच पक्क्या झाल्या. त्यामुळे ती पाटी मला पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानासारखी वाटते.

आपल्याकडे २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या रेषा आमच्या गल्लीतील भिंतींवर होत्या, पण रंगकामात त्या नाहीशा झाल्या. पाणी कुठवर चढले होते हे ज्येष्ठांना अजून नेमके ठाऊक आहे. म्हणून या सुट्टीत त्यांच्याकडून दोन्ही वर्षांच्या उंचीची नोंद घेऊन, गल्लीच्या तोंडाशी तशाच पाट्या बसवण्याची परवानगी मागणारा अर्ज मी तयार करत आहे. दगड मात्र आपल्याकडचा काळा बेसाल्टच हवा, अशी आजोबांची अट आहे आणि ती मला मनापासून मान्य आहे.