दहा मार्कांची यमू

दुपारी तीन वाजता वाचनालयात दोनच जातीची माणसं सापडतात, पेन्शनवाली आणि परीक्षावाली. पंखा पहिल्यांच्या डोक्यावर आणि प्लगपॉइंट दुसऱ्यांच्या पायाशी, त्यामुळे भांडणाचा प्रश्न येत नाही. मी दीड वर्षापूर्वी पंख्याखाली सरकलो.

परवा समोरच्या टेबलावर टी.वाय.ची तिघं होती. दोन मुली, एक मुलगा. मध्ये लाल कापडी बांधणीची हरिभाऊ आपट्यांची कादंबरी, 'पण लक्षात कोण घेतो!', उघडी पडलेली, तिच्या पोटात मोबाइल, आणि मोबाइलमध्ये कुणाच्या तरी नोट्सचा फोटो. त्यामुळे हरिभाऊ वाचले जात होते की आडोशाला होते, ते सांगता येत नाही.

"यमूच्या व्यक्तिरेखेचा विकास स्पष्ट करा," वेणीवाली वाचत होती. "दहा मार्क. हा येणारच, सर म्हणालेत."

"होतो ना विकास," मुलगा म्हणाला. "आधी लहान असते, मग मोठी होते."

"गप रे. विकास म्हणजे आतून. नवरा लिहायला-वाचायला शिकवतो, मुंबईला जाते, चार माणसांत बोलायला लागते, तसा."

चष्मेवाली इतका वेळ टोपण चावत होती. ती म्हणाली, "आणि मग नवरा मरतो. तो शंकरमामंजी तिचे केस काढायला लावतो. मग आधीचा विकास धरायचा, की वजा करायचा?"

मी अग्रलेख तिथेच सोडला.

आमच्या वेळी विकास नव्हता. 'स्वभावचित्र रेखाटा' असा प्रश्न यायचा आणि त्याचा साचा ठरलेला असे. चांगलं माणूस असेल तर प्रेमळ, कष्टाळू, निगर्वी. वाईट असेल तर स्वार्थी, कपटी, ढोंगी. दोन्हीकडे शेवटी 'अशा प्रकारे लेखकाने हे पात्र जिवंत केले आहे'. मी एकदा कंटाळून एका खलनायकालाही निगर्वी लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी त्याला बरोबरची खूण दिली.

तिघं चहाला गेली. पुस्तक टेबलावरच राहिलं. मला एक वाईट खोड आहे. वाचनालयाच्या पुस्तकात लिहिणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो, आणि त्यांनी लिहिलेलं वाचल्याशिवाय मला राहवत नाही. मुलांच्या पिढीनं जागोजागी निळ्या बॉलपेननं 'महत्त्वाचे' केलेलं होतं, बाणांसकट. पण शेवटाकडच्या एका पानावर, समासात, जुन्या वळणाच्या बारीक अक्षरात शिसपेन्सिलीनं लिहिलेलं होतं, 'ह्या शंकऱ्याला कोणीच कसे मारीत नाही?' खाली सही वगैरे नाही. अक्षर मात्र मोजून, ओळीत, सावकाश काढलेलं.

आमच्या घरी मोठी आत्या होती. वडिलांची आत्या, पण सगळी आळी तिला आत्याच म्हणे. विधवेचं विटलेलं लाल आलवण, डोक्यावरून घट्ट घेतलेला पदर, आणि पदराच्या टोकाला सुपारीची पुरचुंडी. दर पंधरा-वीस दिवसांनी मागच्या दाराशी न्हावी यायचा. आम्हा पोरांना तेवढा वेळ परसात जायची बंदी. मी न्हाणीच्या झरोक्यातून बघितलेलं आहे. ती पायरीवर मान खाली घालून बसलेली, आणि वस्तऱ्याचा आवाज. खरखर नाही, जाड कागद कुणी हळूहळू फाडावा तसा. मधूनच ती त्याला विचारत होती, "म्हैस व्याली का रे तुझी?"

हे 1972-73चं. तोवर घरात तिला सक्ती करणारं कुणी उरलंच नव्हतं. वडील एकदा भीतभीत म्हणाले होते, "आत्या, आता वाढव की केस." ती म्हणाली, "आता कुणासाठी? उवांसाठी?"

वाचनालयाशी माझी ओळख तिच्यामुळे. तिचं वाचन दांडगं, आणि वाचन म्हणजे फक्त बाबूराव अर्नाळकर. दुपारी माजघरात खांबाला टेकून, एका हातात भिंग, मांडीवर पुस्तक. शाळेतून आलो की दप्तर टाकायच्या आत हुकूम, "झुंजार आलाय का बघून ये." अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, त्यामुळे पुरवठा तुटायची भीती नव्हती. झुंजारचा काय विकास होणार? तो पहिल्या पानावर झुंजार आणि शेवटच्या पानावरही झुंजार. मधल्या पानांत मुडदे. सोवळ्यातली बाई ते अशा चवीनं वाचायची की भिंतीकडे तोंड करून बसलेली असली तरी कुठे खून पडला ते मागून ओळखू यायचं. पाठ ताठ व्हायची.

अकरावीत मला शहाणपण फुटलं. मराठीच्या सरांनी वर्गात हरिभाऊ आपट्यांवर तास रंगवला होता. 1890 साली त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं, त्यातून ही कादंबरी तुकड्यातुकड्यानं येत होती. यमू स्वतःच आपली हकिकत सांगते आहे अशी रचना. लिहायला घेतली तेव्हा लेखक अवघा 26 वर्षांचा पुरुष. इकडे यमू छापून येत होती आणि तिकडे पुण्यात संमतिवयाच्या बिलावरून सभा उधळल्या जात होत्या. 1891च्या त्या कायद्यानं मुलीचं शरीरसंबंधाच्या संमतीचं वय वाढलं किती, तर 10 वरून 12. मी थरारून गेलो. म्हटलं, हे पुस्तक आत्यासाठीच आहे. झुंजारच्या जागी यमू नेऊन दिली.

दोन दिवस भिंग चाललं. तिसऱ्या दिवशी पुस्तक माझ्या दप्तरावर ठेवलेलं.

"परत कर. झुंजार आण."

"का गं? आवडलं नाही?"

"लिहिलंय चांगलं मेल्यानं. बाईमाणसानंच लिहावं तसं." तिनं सुपारी कातरायला घेतली. "पण पुढचं मला ठाऊक आहे."

मी झुंजार आणला. पुढे कधी तिला काही विचारलं नाही. न विचारण्याला आमच्या घरात मर्यादा म्हणत.

तिघं परत आली. मी पुस्तक जागेवर ठेवायच्या बेतात होतो, पण माझं बोट अजून त्या समासावरच होतं. वेणीवाली हसली.

"काका, तुम्ही वाचलंय हे? पूर्ण?"

"वाचलंय."

"मग सांगा ना, होतो का यमूचा विकास? आमचं दोघींचं एकमत होत नाहीये."

"तिघांचं," मुलगा म्हणाला.

चष्मेवाली माझ्याकडेच बघत होती, टोपण तोंडात तसंच. आता काय सांगावं? पायरी सांगावी, की म्हैस? वर पंखा टकटक करत होता, आणि पलीकडचे एक पेन्शनर 'शांतता राखा'च्या पाटीखालून आमच्याकडे डोळे वटारून बघत होते.

"किती मार्कांना म्हणालीस?"

"दहा."

"मग होतो, असं लिहा."

वेणीवालीनं लगेच वहीत घातलं, खाली दोन रेघा ओढल्या. चष्मेवालीनं तोंडातलं टोपण काढलं.

"ते मोबाइलमध्ये पण आहे, काका," ती म्हणाली.