काउंटी कोर्टात घातलेली ती सकाळ

मित्राला घर घेताना जुन्या बँकरप्सीचे (दिवाळखोरीचे) पेपर लागले म्हणून आम्ही न्यू जर्सीत सरळ काउंटी कोर्टात गेलो, एक तास लाईनीत उभं राहिलो आणि मग कळलं की बँकरप्सी हे फेडरल प्रकरण, काउंटीकडे ती केस फाईलच होत नाही! आख्ख्या राज्याचा एकच फेडरल कोर्ट डिस्ट्रिक्ट, त्याची बँकरप्सी कोर्टं नेवार्क, ट्रेंटन, कॅमडेनला. पेपर घरबसल्या पेसरवर (फेडरल कोर्टांच्या ऑनलाईन रेकॉर्ड सिस्टिमवर) मिळतात, पानाला 10 सेंट, एका डॉक्युमेंटला जास्तीत जास्त 3 डॉलर, आणि तिमाहीत 30 डॉलरच्या आत राहिलात तर माफ (हे आधी कुणी सांगेल तर शपथ). फार जुनी फाईल असेल तर नॅशनल अर्काइव्ह्जकडे. काउंटी क्लर्क लागतो तो घराच्या रेकॉर्डसाठी, म्हणजे लियन (देण्यापोटी घरावर चढलेला बोजा) उठवल्याची ऑर्डर वगैरे नोंदवायला.