कझाकस्तानच्या राजचिन्हातली ती किरणं सूर्याची नाहीत

कझाकस्तानचं राजचिन्ह पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, मधोमध सूर्य काढलाय. प्रत्यक्षात ते छप्पर आहे. युर्तात, म्हणजे भटक्या पशुपालकांच्या नमद्याच्या गोल तंबूत, जमिनीला पाठ टेकून वर पाहिलं की जे दिसतं, ते.

युर्त उभारताना आधी केरेगे, म्हणजे लाकडी जाळीच्या भिंती, गोलात उभ्या करतात. मग शान्यराक नावाचं लाकडी कडं खांबावर तोलून वर धरतात आणि उइक नावाचे वाकवलेले दांडे चहूबाजूंनी त्यात खुपसतात. उइकचं खालचं टोक जाळीला दोरीने बांधायचं. वरचं तासून चौकोनी केलेलं असतं आणि तसल्याच चौकोनी भोकात बसतं. गोल ठेवलं तर दांडा भोकात फिरेल. या टोकाला कझाक भाषेत ‘कलम’ म्हणतात. शब्द आपल्याच ओळखीचा. सगळ्या उइकांचा बाक सारखा नसेल, तर कडं एका बाजूला कलतं. चिन्हातली ‘किरणं’ म्हणजे हेच उइक.

कड्याच्या आत एकमेकांना छेदणाऱ्या काड्या दिसतात, त्या कुलदिरेउश. त्या तीन-तीन का, तर तीन झूझांची, म्हणजे कझाकांच्या तीन मोठ्या जमातगटांची, एकी दाखवायला, असा अर्थ लावतात. शान्यराक हे नुसतं छपराचं कडं नाही. ‘कारा शान्यराक’ म्हणजे वडिलोपार्जित घर, आणि परंपरेने ते धाकट्या मुलाकडे जातं.

४ जून १९९२ रोजी हे चिन्ह स्वीकारलं गेलं. रचना जांदारबेक मालिबेकोव्ह आणि शोत-अमान वालिखानोव्ह यांची. गंमत अशी की साचा बराचसा सोव्हिएतच राहिला: गोल आकार, माथ्यावर पाच टोकांचा तारा, तळाशी अक्षरं. कोयता-हातोडा गेला. गव्हाच्या ओंब्या मात्र पुरत्या गेल्या नाहीत. दोन्ही बाजूंच्या तुल्पारांचे, म्हणजे दंतकथेतल्या पंखवाल्या घोड्यांचे, पंख नीट पाहा. ते पेंढीसारखे काढलेत, आणि अधिकृत अर्थातही समृद्धीची पेंढी येतेच. या घोड्यांना शिंगंही आहेत, चंद्रकोरीसारखी. म्हणून त्यांना युनिकॉर्न, म्हणजे कपाळावर एकच सरळ शिंग असलेले काल्पनिक घोडे, म्हणणं चूक.

आणखी एक नेहमीची चूक म्हणजे जुनं चित्र वापरणं. २०१८ पासून तळाचं नाव सिरिलिकऐवजी लॅटिन लिपीत आहे. सिरिलिक अक्षरं दिसली, तर चित्र त्याआधीचं. २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष तोकायेव यांनी या चिन्हात सोव्हिएत काळाच्या खुणा असल्याचं जाहीरपणे म्हटलं. साचा पाहता ते खोटं नाही, पण त्यासाठी शान्यराक हटवला तर उरणार काय?

शेजारच्या किर्गिझस्तानच्या ध्वजावरही युर्ताचं कडं आहे, तिथे त्याला तुंदुक म्हणतात. त्याभोवतीची ४० किरणं मात्र खरोखर सूर्याची आहेत.