रिपोर्ट नॉर्मल आल्यानंतर सुरू झालेले उपचार

मला पॅनिक डिसऑर्डर (अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांचा विकार) असल्याचे निदान झाले ते हृदयाच्या सगळ्या तपासण्या उरकल्यानंतर. साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीच्या बोगद्यात, स्वारगेटच्या विनाथांबा गाडीत, पहिला झटका आला होता. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, श्वास पुरत नाही असे वाटणे आणि आता आपले काही खरे नाही ही पक्की खात्री. त्यानंतर रात्री-अपरात्री कॅज्युअल्टी गाठणे, ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी), टू-डी इको, स्ट्रेस टेस्ट हे सत्र सुरू झाले. दर वेळी रिपोर्ट नॉर्मल येत आणि ‘टेन्शन घेऊ नका’ असे सांगून ॲसिडिटीच्या गोळ्या लिहून दिल्या जात. त्या रिपोर्टचा दिलासा फार टिकत नसे. झटका चालू असतानाच ईसीजी काढला असता तर काहीतरी सापडले असते, अशी शंका डोके वर काढायची. ‘दाजी, मन जरा घट्ट करा,’ हा मेहुण्याचा सल्लाही होताच. अखेर आमच्या फिजिशियननी मानसोपचारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली, आणि ती चिठ्ठी खिशात ठेवून मी बरेच दिवस हिंडलो.

मानसोपचारतज्ज्ञांची पहिली भेट चांगली लांबली. झटक्याचे वर्णन त्यांनी ऐकून घेतले, पण अधिक प्रश्न विचारले ते दोन झटक्यांमधल्या दिवसांबद्दल. बसमध्ये कुठे बसता, लिफ्ट वापरता का, पुण्याची कामे कुणावर ढकलली, एकटे घरात राहू शकता का, बाहेर पडताना सोबत काय काय ठेवता. शिवाय चहा-कॉफी किती, दारू किती, दम्याचा पंप वापरता का (त्यातल्या काही औषधांनीही धडधड होते), झोप कशी, घरात कुणी हृदयविकाराने अचानक गेले आहे का, कुणाला कधी अतिउत्साहाचे झटके आले आहेत का, आणि शेवटी, अगदी त्याच सुरात, जीव द्यावा असे कधी मनात आले का. हा प्रश्न मला तोवर कुणीच विचारला नव्हता. रक्ताच्या तपासण्यांत थायरॉईड व हिमोग्लोबिन या दोनच राहिल्या होत्या. त्या करायला सांगून त्यांनी स्पष्ट बजावले की हे दोन रिपोर्ट ठीक आले तर यापुढे हृदयाची तपासणी माझ्या मनाने करून घ्यायची नाही. हे बंधन उपचाराचाच भाग आहे, हे तेव्हा मला पटले नव्हते.

चिंतेची तीव्रता मोजणारी, सात प्रश्नांची जीएडी-७ ही प्रश्नावलीही त्यांनी भरून घेतली. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३, म्हणजे एकूण २१ गुण. १० किंवा त्याहून अधिक गुण आले की चिंता मध्यम किंवा त्याहून तीव्र मानतात. माझे गुण त्याच्या पुढे होते, तरी केवळ त्या आकड्यावर त्यांनी निदान केले नाही. सततच्या चिंतेच्या विकारात मन नोकरी, मुले, पैसा अशा अनेक गोष्टींवरून किमान सहा महिने बहुतेक दिवस धावत असते. पॅनिक डिसऑर्डरमध्ये झटका काही मिनिटांत शिगेला पोहोचतो, तो ध्यानीमनी नसताना येतो, आणि त्यानंतर निदान महिनाभर पुढच्या झटक्याची धास्ती राहते किंवा त्या धास्तीपायी माणूस आपले वागणेच बदलतो. माझे वागणे कसे बदलले होते, ते त्यांच्या कागदावर आधीच उतरलेले होते. १९८० पर्यंत अमेरिकन वर्गीकरणात या दोन्ही विकारांना ‘अँग्झायटी न्यूरोसिस’ असे एकच नाव होते, ही माहिती मी नंतर वाचली. एकच नाव असताना झटके येणाऱ्या रुग्णाला नेमके काय सांगत असतील, याचे मला कुतूहल आहे.

औषध म्हणून एस्सिटालोप्रॅम ५ मिलिग्रॅमपासून सुरू करून पुढे १० पर्यंत नेले. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतील आणि पहिल्या आठवड्यात अस्वस्थता उलट वाढू शकते, हे त्यांनी आधीच सांगितले होते. ते सांगितले नसते तर मी गोळी तिसऱ्याच दिवशी बंद केली असती, कारण मळमळ आणि आतून होणारी थरथर दोन्ही आले. त्या काळापुरते रात्री क्लोनाझेपाम ही मन शांत करणारी गोळी होती आणि ती केव्हा थांबवायची, ती तारीख चिठ्ठीवर लिहिलेली होती. या गोळीने लगेच बरे वाटते आणि म्हणूनच तिची सवय लागते, एवढेच त्यांचे स्पष्टीकरण. एस्सिटालोप्रॅममुळे लैंगिक इच्छा कमी होण्याचा परिणामही त्यांनी पुढच्या भेटीत आपण होऊन विचारला; मी तो विषय कधीच काढला नसता.

औषधाने झटके विरळ झाले, पण बोगद्याची भीती जशीच्या तशी राहिली. ती गेली मानसशास्त्रज्ञ मॅडमांकडच्या कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीमुळे, म्हणजे विचार आणि वागणे बदलायला शिकवणाऱ्या उपचारामुळे. श्वास संथ करून मन शांत करायला शिकवतील अशी माझी अपेक्षा होती. त्याऐवजी त्यांनी मला मिनिटभर भराभर श्वास घ्यायला लावला. बोटांना मुंग्या आल्या, डोके हलके झाले, बोगद्यातले सगळे पुन्हा घडले, तेही ट्यूबलाइटखाली, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाला की असेच होते आणि त्याने कुणी दगावत नाही, हे त्यांनी तिथेच समजावले. मग नाक धरून बारीक स्ट्रॉने श्वास घेणे, फिरत्या खुर्चीवर गरगर फिरणे, जिना धावत चढणे. हे घरी रोज करायचे होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून स्ट्रॉ तोंडात धरत असे, तेव्हा बायकोने सुरुवातीला दोनदा तरी विचारले, ‘अहो, नक्की हेच सांगितलंय का त्यांनी?’

याहून अवघड होते ते आधार सोडणे. पाण्याची बाटली, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, दाराजवळची सीट, खिशातली ‘असू द्यावी’ म्हणून ठेवलेली गोळी, मनगटावर नाडी मोजणे. या गोष्टींमुळे आपण वाचलो, असा प्रत्येक वेळी समज होतो आणि मूळ भीती खोटी ठरायची संधीच मिळत नाही, हे मॅडमांचे म्हणणे. सगळ्या उपचारांत मला सर्वांत पटलेली गोष्ट हीच, आणि हृदयाच्या तपासण्यांवर डॉक्टरांनी बंदी का घातली होती, तेही इथेच उमगले. आधी साताऱ्यातल्या साताऱ्यात सिटी बस, मग बायकोसोबत पुणे, मग एकटा, मग एकटा आणि बाटलीशिवाय, खिडकीकडेच्या सीटवर. बोगद्यात छाती धडधडली. ती धडधडू द्यायची आणि नाडीला हात लावायचा नाही, एवढेच काम होते.

खर्चाबाबत एक नोंद करतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा देणे बंधनकारक आहे. मात्र माझी पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चापुरती असल्यामुळे डॉक्टरांची फी, गोळ्या आणि थेरपीची सत्रे हे सगळे पदरमोड करूनच झाले. त्यांत थेरपी सर्वांत महाग पडली. पैशांअभावी ती मध्येच सोडणाऱ्यांबद्दल मॅडम नेहमी हळहळतात.

बरे वाटू लागल्यानंतरही वर्षभर गोळी चालू ठेवली आणि आता ती १० वरून ५ वर आणली आहे. एकदम बंद केल्यास चक्कर येते किंवा डोक्यात वीज चमकल्यासारखे होते, म्हणून हे हळूहळू चालले आहे. मध्यंतरी कार्यालयात, लेखापरीक्षणाच्या गडबडीत, एक झटका आला. मी खुर्चीवरून उठलो नाही. समोरची बिले तपासत राहिलो आणि तो ओसरला. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी मात्रा वाढवली नाही, फक्त ५ मिलिग्रॅमचा मुक्काम आणखी तीन महिन्यांनी लांबवला.