आजचा थकवा कुठला?

अखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) दुसरा दिवस, अमळनेर

काल खापरावरचे मांडे झाले, आमरस झाला, पोरीबाळींनी झोका सोडला नाही. आज घर निवांत आहे. जेवून सगळे आडवे झालेत, बाहेर ऊन नुसतं भाजून काढतंय, म्हणून वही घेऊन बसले.

सकाळपासून मला 'थकलीस का गं' असं सगळ्यांनी विचारून झालं. हो, थकले आहे. पण कुठला थकवा, हे मला रोज शोधावं लागतं, कारण त्यावर काय करायचं ते ठरतं.

पहिला मूळ दुखण्याचा. पॉलिमायल्जिया रुमॅटिका, म्हणजे अंग आखडवणारा दाहाचा आजार. खांदे, कंबर, मांड्या सकाळी अशा आखडायच्या की पदर घ्यायला हात वर जात नव्हता. ईएसआर, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारी रक्ताची तपासणी, खूप वाढलेला निघाला. जळगावच्या डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी रोज १५ मिलिग्रॅम सुरू केली आणि काही दिवसांतच मी माझी वेणी माझ्या हातांनी घातली. त्या दिवशी मी रडले होते. या गोळीचे उपकार मी विसरणार नाही. पण पहाटे उठल्यावर खांदे जड वाटले आणि तासाभरानेही मोकळे झाले नाहीत, तर समजायचं की आजार पुन्हा डोकं वर काढतोय.

दुसरा थकवा साखरेचा, आणि तो दुपारचा. गोळीने यकृत जास्त साखर रक्तात सोडतं आणि इन्सुलिनचं काम मंदावतं. गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची, त्यामुळे साखर चढते ती जेवणानंतर, आणि संध्याकाळपर्यंत चढलेलीच राहते. रात्रीतून उतरते. आज उपाशीपोटी १०४ होती. नुसता तेवढा आकडा पाहिला तर कोणीही म्हणेल, छान आहे की! जेवणानंतर दोन तासांनी २६८. डोळ्यांसमोर धुरकट, घसा कोरडा, अंगातलं त्राण गेलेलं. आमच्याकडे या दिवसांत तहान सगळ्यांनाच लागते, म्हणून मी तहानेवर भरवसा ठेवत नाही, मोजून पाहते.

मोजण्याचंही एक तंत्र आहे. काल आंबे पिळून झाल्यावर साबणाने बोटं स्वच्छ धुतली, कोरडी केली, मगच सुई टोचली. बोटाला रस चिकटलेला असेल तर आकडा खोटाच मोठा येतो. पट्ट्यांच्या डबीवर ३० अंशांच्या आत ठेवा असं लिहिलंय. वैशाखात ते पाळायचं म्हणजे डबी घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, आतल्या कपाटात, झाकण घट्ट लावून. फ्रिजमध्ये नाही, तिथल्या ओलाव्याने पट्ट्या खराब होतात.

तिसरा थकवा गोळी कमी केल्याचा. १५ वरून हळूहळू १० वर आले आहे. प्रत्येक वेळी डोस उतरला की काही दिवस अंगात काही उरलेलंच नाही असं होतं. दुखत नाही, साखरही जास्त नसते, तरी उठवत नाही. मूत्रपिंडाच्या वरच्या अधिवृक्क ग्रंथी एरवी शरीराला लागणारं कॉर्टिसॉल बनवतात. बाहेरून गोळी मिळत असली की त्यांचं काम थंडावतं, आणि पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो. शाळेत मी हा धडा किती वर्षं शिकवला. तो अंगावर असा येईल असं वाटलं नव्हतं.

नणंदबाई माहेरपणाला आल्यात. काल जेवताना म्हणाल्या, "वहिनी, ती गोयी बंद करी टाक, इख शे ते." (विष आहे ते.) मायेपोटी म्हणाल्या, मला माहीत आहे. त्यांना हात धरून सांगितलं की एकदम बंद केली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं, एकेक मिलिग्रॅमनेच उतरायचं असतं. १९४८ साली अमेरिकेत संधिवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिझोन, माझ्या गोळीच्याच जातीचं स्टिरॉइड, पहिल्यांदा दिलं, ती काही दिवसांत चालू लागली, आणि १९५० मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं, हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्या ताटातला रस त्यांनीच कमी केला आणि कळण्याची अर्धी भाकरी वाढली. मांड्याचा एक पदर मात्र मी खाल्लाच, अखाजी आहे.

दुपारी जेवण झालं की अंगणात सावलीला सावकाश फेऱ्या मारते. आज खुर्चीतून हात न टेकता उठून पाहिलं, जमलं. स्टिरॉइडने मांड्यांचे स्नायू कमजोर होतात, म्हणून हे रोज करते. रात्रीची झोप अजून तुटकच आहे.

मंगळवारी जळगावला जायचंय. वहीतले दुपारचे आकडे आधी दाखवणार, उपाशीपोटीचे मागाहून. डोळ्यांच्या तपासणीची चिठ्ठी मागायची आहे. आणि एक नक्की विचारायचं: प्रेडनिसोलोन ९ वर आणलं तर साखरेचं औषधही उतरवायचं का, नाहीतर एखाद्या दुपारी साखर फारच खाली जाईल आणि तोही थकवाच वाटेल.